कार्यक्रम, कट्टे आणि ४० पानांवर थांबलेली दुसरी कादंबरी

प्रश्न डोंबिवलीच्या एका तरुण कादंबरीकाराचा आहे. पहिली कादंबरी दीड वर्षापूर्वी आली, तिचं बऱ्यापैकी स्वागत झालं आणि तेव्हापासून शनिवार-रविवार घरी म्हणून थांबता येत नाही. पुस्तक प्रकाशनं, वाचनकट्टे, महाविद्यालयांतली व्याख्यानं, दोन लेखनगट, पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. नोकरी अंधेरीला. दुसरी कादंबरी दहा महिने ४० पानांवर अडकली आहे. जाणं बंद केलं तर लोक विसरतील, चालू ठेवलं तर लिहायचं कधी, आणि बोलावणाऱ्या ज्येष्ठांना नाही कसं म्हणायचं, असं त्यांनी विचारलं आहे. त्यांच्या एका गटात सत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्या फार बोलत नाहीत पण पानं पेन्सिलीने खुणा करून परत देतात, हेही त्यांनी जाता जाता लिहिलं आहे. मला वाटतं, पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तीच आहे. तिच्याकडे शेवटी येते.

मी २६ वर्षं कादंबऱ्या लिहिते आहे. त्यातली २१ वर्षं फोर्टातल्या एका बँकेत नोकरी करून, गोरेगावहून ये-जा करत. पाच छापून आल्या, सहावी चालू आहे. आणि एक मेली. ती कशी मेली ते आधी सांगते, कारण तुमच्या ४० पानांचं दुखणं मला त्याच जातीचं वाटतं.

ससून डॉकजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यावर ती कादंबरी होती. कारखाना चालवणारं कुटुंब, मासळीचा बाजार, पहाटे तीनला लाद्या फोडणारी माणसं. माझी दुसरी कादंबरी नुकतीच आली होती आणि मला खूप ठिकाणी बोलावत होते. कार्यक्रम संपला की चहाच्या वेळी कोणी ना कोणी विचारायचं, "सध्या काय चाललंय?" आणि मी सांगायचे. दर वेळी थोडं अधिक चांगलं सांगायचे. कुठे थांबलं की ऐकणारा "अरे बापरे" म्हणतो ते मला कळायला लागलं. आठेक महिन्यांत त्या गोष्टीला सुरुवात, मध्य, शेवट सगळं आलं. कागदावर मात्र काही नव्हतं. मग लिहायला बसले तेव्हा जाणवलं की शोधण्यासारखं काही उरलेलंच नाही. पाठ झालेला धडा उतरवून काढावा तशी ६० पानं लिहिली आणि फाइल कपाटात ठेवली. अजून तिथेच आहे.

म्हणून वेळेच्या हिशोबाआधी बोलण्याचा हिशोब करा. वेळ जातो हे खरंच आहे. संध्याकाळी सहाच्या दादरच्या कार्यक्रमाला डोंबिवलीहून साडेचारला निघायचं, कार्यक्रम सुरू होणार साडेसहाला, संपणार नऊला, घरी पोचेपर्यंत साडेदहा. सहा तास. त्यात प्रत्यक्ष पुस्तकाबद्दल ऐकायला मिळतं फार तर पाऊण तास. पण मुलगी लहान असताना आणि बँकेत क्लोजिंगचे दिवस असतानाही मी पहाटे पाच ते साडेसहा लिहीत होते, आणि माझी पहिली कादंबरी त्याच दीड तासात झाली. वेळ कमी असताना कादंबरी होऊ शकते. मनातलं पाणी रोज थोडं थोडं उपसून टाकल्यावर होत नाही. तुम्ही आठवड्यातून दोनदा चारचौघांत "पुढच्या कादंबरीबद्दल" बोलत असाल, तर ती ४० पानांवर थांबणारच. आता कोणी विचारलं की मी "चालू आहे काहीतरी" एवढंच म्हणते आणि समोरच्याला त्याच्या लेखनाबद्दल विचारते. लोकांना ते आवडतंही. आजपासून तुम्हीही हेच करा. एक संध्याकाळही न सोडता होण्यासारखी गोष्ट आहे.

आता लेखनगट. इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण गटाने मला जितकं दिलं तितकंच एकदा बिघडवलंही.

आपल्याकडे एकत्र बसून लिहिलेलं वाचण्याची परंपरा जुनी आहे. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ जमलं ते रविवारच्या चहाला एकमेकांच्या कविता ऐकत. मुंबईत काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकरांचं टेबल अनेक वर्षं दर गुरुवारी असायचं. यायचं त्याने यावं, माइक नाही, अध्यक्ष नाही. पण हे मुख्यतः कवींचे मेळे होते. कवितेचं तसं जमतं. कविता पाच मिनिटांत ऐकून होते, तिच्यावर तिथल्या तिथे बोलता येतं, दाद लगेच मिळते. कादंबरीला अशी दाद मिळूच शकत नाही. तिची दाद वाचक घरी, एकटा, ३०० पानांनंतर देतो आणि ती लेखकापर्यंत बहुधा पोचतही नाही. महिन्यातून एकदा एक प्रकरण घेऊन आपण गटात जातो तेव्हा नकळत त्या दादेची सवय लावून घेतो.

माझी तिसरी कादंबरी अशीच झाली. १९ प्रकरणं. दर महिन्याला एक, दीड वर्षाहून अधिक काळ, पार्ल्यातल्या एका मैत्रिणीच्या घरी वाचली. शेवटचं वाक्य संपलं की खोलीत दोन क्षण शांतता, मग कोणीतरी "वा!" म्हणायचं आणि चहा यायचा. मी खूश होते. हस्तलिखित संपादकांकडे गेलं आणि तीन महिन्यांनी परत आलं. १९ पैकी ११ प्रकरणांचा शेवटचा परिच्छेद पेन्सिलीने खोडलेला होता. पहिल्या दहा ठिकाणी समासात काही लिहिलेलं नव्हतं. अकराव्या ठिकाणी बारीक अक्षरात एवढंच होतं: "दर वेळी दार का आपटता?"

सातव्या प्रकरणात नायिका स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्या मोजत बसलेली असते. माझा शेवट होता: "तिसरी शिटी झाली आणि तिला कळलं, तो आता कधीच येणार नाही." खोडाखोडीनंतर उरलं: "तिसरी शिटी झाली. तिने गॅस बंद केला." मी ती दोन वाक्यं कितीतरी वेळ पाहत बसले. गॅस बंद करणाऱ्या बाईला काय कळलं असेल ते वाचकाला कळतंच, आणि तो पुढचं पान उलटतो ते तिच्याबरोबर. माझ्या वाक्याने त्याचं काम मीच करून टाकलं होतं. ते वाक्य मी वाचकासाठी लिहिलं नव्हतं, त्या खोलीतल्या दोन क्षणांच्या शांततेसाठी लिहिलं होतं. अकराच्या अकरा परिच्छेद मी काढले. पण नुसतं काढून भागलं नाही. प्रत्येक प्रकरण स्वतःपुरतं पूर्ण, टाळीवर संपणारं झालं होतं. संथ भाग, ज्यांत माणसं फक्त राहतात, जेवतात, भाडं भरतात, ते मी गटात नेण्याजोगे नाहीत म्हणून लिहिलेच नव्हते. ते नंतर लिहायला मला आणखी वर्ष लागलं.

तेव्हापासून माझा नियम आहे, आणि तुम्हालाही तो आग्रहाने सांगते: कादंबरीचा पहिला खर्डा शेवटच्या पानापर्यंत होईस्तोवर गटात न्यायचा नाही. कथा न्या, लेख न्या, दुसऱ्यांचं ऐका. कादंबरी नको. तुमची ४० पानं दोन्ही गटांनी ऐकली असतील तर आता ती पानं १२ माणसांच्या सूचनांनी जड झाली आहेत. ती बाजूला ठेवा, उघडू नका, ४१ वं पान लिहायला घ्या. मागची दुरुस्ती शेवट गाठल्यावर.

मग गट हवा कशाला? हवाच. एकेकाळी हे काम संपादक करत. गिरगावात खटाववाडीत, मौज प्रकाशनाच्या कार्यालयात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी एकेका कथेवर महिनोन् महिने पत्रव्यवहार करत, पुन्हा लिहायला लावत. मौजेचं 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद झालं. आज चांगले संपादक नाहीत असं नाही, माझं तर भलं अशाच एकाने केलं. पण एका लेखकाला इतका वेळ देणं बहुतेकांना परवडत नाही. ती पोकळी गटानेच भरायची आहे, आणि ती भरायची तर गटाने वाहवा सोडून कष्टाचं वाचन करायला हवं.

आमचा आताचा गट सहा जणांचा आहे. सातवा आला की चर्चेचं संमेलन होतं, म्हणून सहाच. दर तीन आठवड्यांनी बसतो. पानं चार दिवस आधी, कागदावर, जास्तीत जास्त पंधरा. आणि एक पद्धत आम्ही काटेकोर पाळतो: लेखकाने स्वतःचं वाचायचं नाही. दुसरा मोठ्याने वाचतो, लेखक ऐकतो, पहिला अर्धा तास तोंड उघडत नाही. आपण स्वतः वाचतो तेव्हा आवाजाने खड्डे बुजवतो. दुसरा वाचताना जिथे अडखळतो, श्वास चुकीच्या ठिकाणी घेतो, वाक्य मागे जाऊन पुन्हा वाचतो, तिथे तिथे लेखकाने पेन्सिलीने टिंब काढायचं. चर्चेपेक्षा ती टिंबं जास्त कामाची असतात.

चौथ्या कादंबरीचा पूर्ण खर्डा झाल्यावर गटात नेला तेव्हाची गोष्ट. लालबागच्या चाळीतली एक सासू, मूळची वेंगुर्ल्याकडची. सून जेवायला वाढते आणि सासू म्हणते, "मला तुझं हे वागणं मुळीच पसंत नाही." पोस्टातून निवृत्त झालेल्या, सावंतवाडीच्या एक बाई आमच्यात आहेत. त्या म्हणाल्या, "अहो, ही बाई वेंगुर्ल्याची आणि रागावते सदाशिव पेठेत." सगळे हसले, मीही. मी लगेच म्हटलं, मग सगळे संवाद मालवणीत करते. त्या म्हणाल्या, "तसं नका करू. तुम्हाला ती बोली येत नाही, ते दिसेल. माझी आई रागावली की बोलायचीच नाही. ताट दोन बोटं पुढे सरकवायची." मी घरी येऊन तो संवाद काढला. आता त्या जागी सासू ताट सरकवते आणि एवढंच म्हणते, "माका नको." त्या दोन शब्दांबद्दल मला आजवर जितक्या वाचकांनी सांगितलं, तितकं माझ्या कुठल्याही वर्णनाबद्दल सांगितलेलं नाही.

यातून सूचना कशी घ्यायची तेही कळतं. चूक कुठे आहे हे गटाला फार बरोबर कळतं. दोघं-तिघं एकाच ठिकाणी अडखळले तर तिथे चूक आहे, वाद घालू नका. उपाय मात्र जो तो आपापल्या कादंबरीचा सांगतो, तो घ्यायचा नाही. सावंतवाडीच्या बाईंसारखं आपल्या आईच्या स्वयंपाकघरातलं कोणी काही सांगितलं तर ते डोळे मिटून घ्यावं.

दोन गटांपैकी एक सोडा. कोणता ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्या गटातून परतताना लोकलमध्ये तुम्हाला वही काढावीशी वाटते तो ठेवा. ज्यातून परतताना कोण काय बोललं हेच आठवत बसता तो सोडा.

कार्यक्रमांबद्दल आता. "सगळं बंद करून टाका, साहित्यिकांचा गोतावळा वाईट" असं मी म्हणणार नाही. मला तसं वाटतच नाही. मराठीत लिहिणाऱ्यावर या सभागृहांचं ऋण आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालू आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याच्याही आधी, १८९३ चं. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ चा, गिरगावचा साहित्य संघ १९३५ चा. एवढी वर्षं हे सगळं टिकलं ते संध्याकाळी खुर्च्या मांडणाऱ्या, सतरंज्या गुंडाळणाऱ्या, फलक लिहिणाऱ्या माणसांमुळे. त्यातल्या कित्येकांना एक रुपया मिळालेला नाही. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या कार्यक्रमाला धुरू हॉलमध्ये पन्नासएक माणसं आली, त्यातली निम्मी मला ओळखतही नव्हती. दादर सार्वजनिक वाचनालयात काहीतरी असतं म्हणून ती येत असत. असे श्रोते कोणीतरी वर्षानुवर्षं घडवलेले असतात. तेव्हा आपणही कोणाच्या तरी कार्यक्रमात श्रोता म्हणून बसायला हवं. महिन्यातून एकदा, मनापासून, शेवटपर्यंत. व्यासपीठावर नाही, खुर्चीत. मी हे देणं मानते आणि आजही पाळते.

व्यासपीठावर बसणं वेगळं. तिथे एक गोष्ट कधी करू नका: न वाचलेल्या पुस्तकावर बोलू नका. माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या प्रकाशनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक उघडलंही नव्हतं. ४० मिनिटं ते स्वतःच्या बालपणावर बोलले. माझी आई पहिल्या रांगेत होती, कोल्हापूरहून त्यासाठी आली होती, आणि घरी जाताना तिने विचारलं, "तुझ्या पुस्तकात नेमकं काय आहे गं?" तो प्रश्न मला अजून टोचतो. म्हणून कोणी बोलावलं की मी आधी पुस्तक मागते आणि ते वाचायला तीन आठवडे मागते. तेवढे नसतील तर जात नाही. एवढ्या एका अटीने निम्मी आमंत्रणं आपोआप गळतात. आणि जी उरतात तिथे आपलं बोलणं त्या लेखकाच्या कायमचं लक्षात राहतं. प्रस्तावना आणि मलपृष्ठावरच्या चार ओळी यांनाही हाच नियम लावा. "तू माझ्यावर बोल, मी तुझ्यावर बोलतो" ही देवाणघेवाण तुमच्या वयात फार गोड वाटते. पण पाच-सहा वर्षांनी वाचकाला तुमचा शब्द खोटा वाटायला लागतो.

कार्यक्रमातून कादंबरीला खरं काय मिळतं, याचं एक उदाहरण. पूर्व उपनगरातल्या एका वाचनालयाने मला बोलावलं होतं. पावसाचा दिवस, गाड्या उशिरा, श्रोते १४. माझं बोलणं झालं, लोक गेले, गाडी मिळेना म्हणून मी ग्रंथपाल बाईंच्या टेबलाशी बसले. त्यांनी माझ्या तिसऱ्या कादंबरीची वाचनालयाची प्रत काढली. शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के होते, ३१. मला आनंद झाला. मग त्या म्हणाल्या, "हे बघा," आणि पुस्तक मधे उघडलं. १३८ ते १४६ या पानांत चार ठिकाणी कोपरे दुमडून सरळ केल्याच्या रेघा होत्या. "इथे लोक थांबतात. झोप लागते की कंटाळा येतो ठाऊक नाही, पण थांबतात." त्या नऊ पानांत मी पात्राची वंशावळ सांगत बसले होते. कुठल्याही समीक्षेने मला ते दाखवलं नव्हतं. तेव्हापासून वाचनालयात गेले की मी ग्रंथपालांशी अर्धा तास बसतेच, भाषण दहा मिनिटं कमी झालं तरी चालेल. तुमची प्रत कुठे दुमडली जाते ते पाहा.

वर्षाची आखणी करायची तर मुंबईचं साहित्यिक पंचांग ध्यानात घ्या. ऑक्टोबरात १५ तारखेचा वाचन प्रेरणा दिन, मग दिवाळी, मग थंडीतली प्रकाशनं, व्याख्यानमाला, साहित्य संमेलन, काळा घोडा महोत्सव, आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. त्या आठवड्यात एकेका महाविद्यालयाला वक्ता हवा असतो. एप्रिल-मेमध्ये पुन्हा व्याख्यानमाला. जूनमध्ये पाऊस लागला की सगळं थंडावतं. कादंबरीकाराचे खरे महिने म्हणजे जून ते सप्टेंबर. पण त्याच महिन्यांवर दिवाळी अंक टपून असतात. कथा जुलै-ऑगस्टपर्यंत हवी असते, फोन मे महिन्यातच सुरू होतात. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचा पावसाळा असा गहाण पडलेला आहे. दिवाळी अंकांवर माझं प्रेम आहे, लेखक म्हणून मी त्यांतूनच वर आले. तरीही कादंबरी चालू असलेल्या वर्षी मी एकच कथा देते, आणि ती फेब्रुवारी-मार्चमध्येच लिहून ठेवते. यंदा तुम्ही तीन अंकांना हो म्हटलं असेल तर दोघांना याच आठवड्यात कळवा. मे महिन्यातला नकार संपादक विसरतो, ऑगस्टमधला नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं फार लांबवत नाही. पाच ग्रुप म्यूट करा, तुमच्या लेखनगटाचा सोडून. अभिनंदनं रविवारी एकदम द्या. पुढच्या पुस्तकाचं प्रकाशन ठरेल तेव्हा हॉलचं भाडं, ध्वनिक्षेपक, फलक, चहा-वडे यातलं प्रकाशकाकडे काय आणि तुमच्याकडे काय, हे आधी लेखी ठरवून घ्या. विक्रीच्या टेबलावर स्वतः बसू नका, कोणाला तरी बसवा.

लोक विसरतील का? चौथ्या कादंबरीच्या वेळी मी जवळजवळ तीन वर्षं कुठे गेले नाही. आमंत्रणं वर्षभरात निम्म्यावर आली, मग तुरळक झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. एक ज्येष्ठ कवी त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. पण त्या तीन वर्षांतल्या रॉयल्टीच्या हिशोबात काही फरक पडला नाही, कारण मराठी कादंबरीचा वाचक मोठ्या प्रमाणावर वाचनालयातला आहे. त्याला पुस्तकाचं नाव आठवतं, लेखकाचा चेहरा नाही. चौथी कादंबरी आली आणि फोन पुन्हा सुरू झाले.

ज्येष्ठांना नाही म्हणताना कारणं देऊ नका. तब्येत, पाहुणे, ऑफिस ही कारणं एकदा चालतात, दुसऱ्यांदा ती बहाणे वाटतात. तारीख द्या. मी जो निरोप पाठवते तो तुमच्या शब्दांत असा होईल: "सर, सप्टेंबरअखेरपर्यंत शनिवार-रविवार कादंबरीसाठी राखून ठेवले आहेत. त्यानंतर आपण बोलवाल तेव्हा येईन. पुस्तक मात्र आत्ताच पाठवा, वाचून सविस्तर कळवतो." आणि खरोखर वाचून कळवा, हाताने लिहिलेल्या पत्राने. ज्यांनी स्वतः लिहिलं आहे त्यांना हे समजतं. सूत्रसंचालनाला दर वेळी तुम्हालाच धरणारे जे कोणी असतील त्यांना आणखी एक वाक्य लिहा: तुमच्याऐवजी कोण छान करेल त्याचं नाव. गटातल्या एखाद्या नव्या मुलीला ती संधी हवीच असेल.

आता त्या शिक्षिकाबाई. कार्यक्रमात भेटणारी शंभर माणसं आणि पेन्सिल घेऊन वाचणारं एक माणूस यांत निवड करायची वेळ आली, तर क्षणाचाही विचार करू नका. गट कुठला ठेवायचा हेही त्यांच्यावरूनच ठरवा. पहिला खर्डा पूर्ण झाला, दिवाळीत होवो की पुढच्या पाडव्याला, की प्रिंट काढा. कागदाच्या एकाच बाजूला, टाइप १६ पॉइंटचा, कारण त्यांचं वय सत्तर आहे, आणि उजवीकडे तीन बोटं समास. पंचवीस पानांमागे एक क्लिप लावा म्हणजे त्यांना मांडीवर घेऊन वाचता येईल. घरी जाऊन द्या, बरोबर दोन पेन्सिली आणि खोडरबर. त्या विचारतील, "कशाकडे लक्ष देऊ?" त्यावर काही सांगू नका. चहा घ्या, निघा, आणि त्यांचा फोन येईपर्यंत, दोन महिने लागले तरी, आपण होऊन फोन करू नका.